सनसनाटी तत्त्वज्ञ आणि आमच्या कॉलनीतला बिबट्या

अबोली

नमस्कार मंडळी. दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणून हा धागा काढतेय.

लेक तत्त्वज्ञानात एम.ए. करतेय. सेमिनार आला की झेरॉक्सच्या दुकानातून नोट्सचे गठ्ठे घरी येतात. परवा त्यातलं एक पान भज्यांखाली घालणार होते, पण सवयीनं आधी वाचलं. मराठीची मास्तरीण होते, छापलेलं काही दिसलं की हात लाल पेन शोधतो. वाक्य असं होतं : 'कॉन्डिलॅक हा अठराव्या शतकातील एक प्रमुख सनसनाटी तत्त्वज्ञ होय.' माझ्या डोळ्यांसमोर डोक्यावर पांढरा टोप, हातात माइक आणि खाली धावणारी लाल पट्टी असा एक फ्रेंच माणूस उभा राहिला. हसून भजी करपली. लेक म्हणाली, हसू नकोस, इंग्रजीत त्याच्या तत्त्वज्ञानाला आणि भडक बातम्यांना, दोन्हीला सेन्सेशनॅलिझमच म्हणतात.

त्याच संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला. आम्ही कळंब्याच्या बाजूला राहतो, मागे ऊस आहे. फडाच्या कडेला चिखलात पंजे उमटलेले. अर्ध्या तासात बिबट्या, तासाभरात बिबट्याचं जोडपं, आणि रात्री नऊला एका यूट्यूबवाल्याचा व्हिडिओ : 'कोल्हापूरच्या वेशीवर मृत्यूची पावलं!' मागचं संगीत असं की सासूबाईंनी देवघरातला विझलेला दिवा पुन्हा लावला.

तर प्रश्न असा, की तत्त्वज्ञानातली सनसनाटी आणि बातम्यांतली सनसनाटी यांचं काही नातं आहे का, की नुसतंच नावसाधर्म्य? आणि त्या टोपवाल्याला मराठीत काय म्हणायचं?

तांबडा रस्सा

जोडपं? लगीन कवा झालं? आमाला आवतान न्हाई.

पाणवठा

ताई, तत्त्वज्ञानातलं मला कळत नाही, पंजातलं थोडं कळतं. फोटोत बोटांच्या पुढे बारीक टोचल्यासारख्या खुणा आहेत का बघा. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, ठशात शक्यतो नखं दिसत नाहीत. कुत्र्याची दिसतात. शिवाय बिबट्याच्या मागच्या गादीला खालच्या बाजूनं तीन फुगवटे असतात. आणि पुन्हा फोटो काढाल तेव्हा शेजारी काडेपेटी ठेवा. मापाशिवाय पंजाचा फोटो म्हणजे हत्तीचाही होऊ शकतो आणि मांजराचाही.

निशिगंध

मस्त धागा. दुसऱ्या प्रश्नाचं आधी : संवेदनवाद. 'सनसनाटी' हे हिंदीतल्या 'सनसनी'वरून आलेलं. पण गंमत बघा, हिंदीत सनसनी म्हणजे मुळात अंगातून जाणारी झिणझिणी. पायाला मुंग्या येतात ना, तसलं काहीतरी. म्हणजे इंग्रजीत जशी इंद्रियांच्या संवेदनेवरून खळबळ आली, तशी हिंदीतही अंगातल्या झिणझिण्यांवरूनच आली. आपल्या 'खळबळ'मध्ये मात्र अंग नाही, पाणी आहे. तेव्हा नोट्सवाल्याची चूक अगदीच अडाणी नाही. शब्द चुकला, पण मूळ धरलं.

अवांतर : पोलिसांच्या भाषेत 'संवेदनशील मतदान केंद्र' म्हणजे जिथे दगड पडू शकतात ते. या शब्दाचं नशीबच तसलं.

मीरा_पुणे

माध्यमांतल्या सनसनाटीचं ठरलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पुलित्झरचं 'वर्ल्ड' आणि हर्स्टचं 'जर्नल' यांची खपासाठी मारामारी चालली होती. पिवळा झगा घातलेल्या एका पोराच्या व्यंगचित्रावरून दोघांत ओढाताण झाली आणि त्यावरूनच 'पीत पत्रकारिता' हे नाव पडलं. फेब्रुवारी १८९८ मध्ये क्युबातल्या, तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या, हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. कारण कळायच्या आतच मथळ्यांनी गुन्हेगार ठरवून टाकला होता, आणि काही आठवड्यांत स्पेनशी युद्ध सुरू झालं. नुसत्या पेपरांनी युद्ध लावलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे, पण पेटत्यात तेल ओतलं हे नक्की.

तांबडा रस्सा

पुण्याची माणसं बिबट्या सोडून हवानाला पोचली. 😀

वृकोदर

अबोलीताई, तुमच्या दोन गोष्टी खरं म्हणजे एकच गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे हजारभर वर्षांपूर्वीच सांगून झाली आहे.

आधी टोपवाला. त्याचं नाव फ्रेंच वळणानं कोंदियाक. धर्मगुरू होता. त्यानं १७५४ साली संवेदनांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक संगमरवरी पुतळा कल्पिलेला आहे. आत सगळी माणसासारखी रचना, पण एकही इंद्रिय चालू नाही. कोंदियाक त्याला पहिल्यांदा फक्त नाक देतो आणि पुढ्यात गुलाब धरतो. पुतळ्याला 'मी गुलाब हुंगतोय' असं वाटत नाही. त्याला 'मी' माहीत नाही, गुलाबही नाही. तो स्वतःच गुलाबाचा वास होऊन बसतो. मग दुसरा वास येतो, पहिला आठवतो, दोन्हींची तुलना होते, हा हवासा, तो नकोसा. असं करत करत स्मृती, इच्छा, विचार, सगळं त्या वासांमधूनच उभं राहतं. बाहेर जग आहे हे त्याला कळतं ते स्पर्श मिळाल्यावर. हा संवेदनवाद : मनात जे काही आहे ते इंद्रियांच्या वाटेनं आलं.

आता चार्वाक. त्यांचं म्हणणं, प्रत्यक्ष तेवढंच खरं. त्यांचं मत सांगताना जैन आचार्य हरिभद्रसूरींनी एक ओळ दिली आहे, 'भद्रे, वृकपदं पश्य'. बाई गं, हे लांडग्याचं पाऊल बघ. टीकाकारांनी त्यामागची गोष्ट सांगितली आहे. एका नास्तिकाची बायको श्रद्धाळू होती. एवढे विद्वान सांगतात ते खोटं कसं असेल, असं तिचं म्हणणं. तो तिला रात्री गावाबाहेर घेऊन गेला आणि धुळीत बोटांनी लांडग्याची पावलं उमटवत आला. सकाळी गावातले बहुश्रुत जमले. ठसे बघून म्हणाले, रात्री रानातून लांडगा आला होता. नवरा बायकोला म्हणाला, बघ, ज्यांच्या शब्दावर तू परलोक मानतेस ते हे.

कॉलनीच्या ग्रुपचं यापेक्षा नेमकं वर्णन मला करता येणार नाही. आणि उलटं कसं आहे बघा : तत्त्वज्ञानातला संवेदनवादी हा बातम्यांतल्या सनसनाटीचा पक्का वैरी असायला हवा. तो विचारणार, तू काय पाहिलंस? चिखलातला खड्डा. बिबट्या पाहिलास का? नाही. मग घरी जा.

तांबडा रस्सा

वृकोदर वृकपदाबद्दल बोलाय लागले म्हटल्यावर ह्यात लागेबांधे आहेत. चौकशी व्हावी.

बाकी गोष्ट नाद खुळा.

शुक्रवारपेठ

प्रत्यक्षाचं एवढं कौतुक नको. २१ सप्टेंबर १९९५. मी स्वतः, माझ्या हातानं, आमच्या गल्लीतल्या दगडी गणपतीला चमच्यानं दूध पाजलंय. चमचा सोंडेला टेकवला, दूध कमी होताना या दोन डोळ्यांनी बघितलं. तेव्हा असली चॅनेलं नव्हती, मोबाइल नव्हते. नुसत्या फोनवर देशभर रांगा लागल्या. आता सांगा, कुठल्या मथळ्यानं फसवलं मला?

वृकोदर

डोळ्यांनी नाही फसवलं. दूध चमच्यातून गेलं हे खरंच होतं. पृष्ठताणामुळे ते दगडाला धरून ओढलं गेलं आणि मूर्तीवरून खाली उतरलं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवलाही. 'कमी झालं' हे तुम्ही पाहिलंत. 'प्याला' हे तुम्ही जोडलंत.

शुक्रवारपेठ

हम्म. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाखाली मुंग्यांची ही भलीमोठी रांग होती. आजी म्हणाली, प्रसादाला आल्यात.

तांबडा रस्सा

मुंग्या चार्वाक निघाल्या.

जुना उपसंपादक

वाचत होतो, आता राहवत नाही. डेस्कवर बरीच वर्षं काढली. पेपरचं नाव सांगत नाही, कुठलंही धरा.

माझा पहिला पावसाळा. रात्री अकराच्या सुमाराला राधानगरी धरणावरून बातमी आली आणि मी मथळा दिला : 'राधानगरीचे दरवाजे उघडले'. फोटो धो धो पाण्याचा. मला वाटलं, बातमी अशी पाहिजे. सकाळी सहापासून फोन. पंचगंगेकाठच्या माणसांनी जनावरं सोडायला घेतली होती. एक म्हातारा फोनवर ओरडत होता, कुणी सोडलं रं पाणी आमच्यावर?

दुपारी संपादकांनी बोलावलं आणि एवढंच विचारलं, 'कुणी उघडले?' मी म्हणालो, पाटबंधारेवाल्यांनी. ते म्हणाले, जाऊन बघून ये.

गेलो. राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरून पाणी ठरावीक पातळीला गेलं की दरवाजा आपला आपण उचलला जातो, उतरलं की बसतो. माणूस बटण दाबत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक जातं, सातही उचलले तर दहा हजाराच्या आसपास. धरण भरलं की हे होणारच, जवळजवळ दर पावसाळ्यात होतं. तिथला कर्मचारी चहा पीत होता. मला म्हणाला, साहेब, तुम्ही लिहिलेलं वाचून माझ्याच बायकोचा फोन आला, तुम्ही काय केलंत म्हणून.

घोळ मराठीच्या क्रियापदात आहे. अबोलीताई सांगतील. 'दार उघडलं' म्हणजे वाऱ्यानं आपोआप उघडलं, किंवा कुणीतरी उघडलं. दोन्हीला रूप तेच. एकही खोटा शब्द न छापता मी एक अदृश्य माणूस धरणावर नेऊन उभा केला होता. त्यानंतर डेस्कवर मी 'स्वयंचलित' शब्द कापू दिला नाही. जागा नसली तर फोटो बारीक करायचो.

अबोली

अहाहा! उघडणे, मोडणे, कापणे, सगळी याच गोत्रातली. अकर्मकही आणि सकर्मकही. वर्गात तीस वर्षं शिकवलं. पण त्यावरून लोक गुरं सोडतात हे ठाऊक नव्हतं.

आणि पाणवठा, सकाळी लेकीला घेऊन फडाकडेला गेले, काडेपेटी घेऊन. ठसा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. चार बोटं, आणि प्रत्येक बोटापुढे सुईनं टोचावं तसा एकेक ठिपका.

पाणवठा

कुत्रं. मोठं कुत्रं. फडाच्या रखवालीला कुणी ठेवलंय का बघा.

अबोली

ठेवलंय. नाव टायगर.

तांबडा रस्सा

म्हणजे बातमी अर्धी बरोबर होती की!

मीरा_पुणे

😂😂 धागा इथेच संपवा.

शुक्रवारपेठ

संपवू नका, माझं राहिलंय. तुम्ही सगळे शहाणे एका सुरात सनसनाटीला झोडताय. २०१९ च्या पुरात मी घरात अडकलो होतो. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं. हायवे शिरोलीला बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. पहिले काही दिवस बाहेरच्या जगाला आमची किती फिकीर होती ते माहीत आहे. टीव्हीवर जेव्हा आरडाओरडा सुरू झाला तेव्हा मदतीचे ट्रक सुटले. कुणी सभ्य भाषेत 'पाणीपातळीत वाढ' लिहून ते आले नसते.

इतिहासातही बघा. १८८५ मध्ये लंडनला स्टेड नावाच्या संपादकानं अल्पवयीन मुलींच्या विक्रीवर भयंकर भडक लेखमाला छापली. लोक पेपरसाठी मारामारी करत होते. स्वतः तीन महिने तुरुंगात गेला, पण त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा बदलला, तेरावरून सोळा. बोंब मारल्याशिवाय कुणी वळून बघत नाही हो.

निशिगंध

हे कोंदियाकलाही पटलं असतं. त्याच्या पुतळ्यात 'अवधान' म्हणजे वेगळी काही शक्ती नाहीच. जी संवेदना बाकीच्यांवर मात करून मन व्यापते, तेच अवधान. तिथे निवड करणारा कुणी बसलेला नाही, जोरकस संवेदना जिंकते. ब्रेकिंग न्यूजचा सगळा धंदा याच वाक्यावर चाललाय. पुतळ्यापुढे गुलाब धरायचा की लसणाची फोडणी, एवढाच प्रश्न.

जुना उपसंपादक

शुक्रवारपेठ, तुमचं दुखणं खरं आहे. पण त्या पुरात मला घाबरवलं ते 'हाहाकार' या शब्दानं नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा तासातासाला येत होता, फूट आणि इंच. ३९ इशारा, ४३ धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ. तो आकडा ५० ओलांडून गेला तेव्हा आमच्या घरात कुणी बोलेना. त्यात विशेषण एकही नव्हतं. आणि त्याच दिवशी एका वाहिनीचा माणूस आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उकिडवा बसून बोलत होता, छातीपर्यंत दिसावं म्हणून. मागून आमच्यातलाच एक जण सायकल हातात धरून चालत गेला. पुन्हा घ्यावं लागलं त्यांना.

आणि लंडन कशाला, आपलं कोल्हापूरचंच प्रकरण आहे. 'केसरी' १८८१ ला निघाला. लगेच टिळक-आगरकरांनी कोल्हापूरच्या छत्रपतींच्या, म्हणजे चौथ्या शिवाजी महाराजांच्या, छळाचा विषय लावून धरला. कारभारी रावबहादूर बर्वे यांच्यावर कट केल्याचा आरोप, पुराव्याला पत्रं. खळबळ तर काय विचारता! बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट ठरली. १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. बाहेर आले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं.

शुक्रवारपेठ

म्हणजे माझाच मुद्दा! चिंता खरी होती ना? पुढच्या वर्षी डिसेंबरात महाराज नगरला वारले, तेही गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत.

जुना उपसंपादक

चिंता खरी, पत्रं खोटी. कोर्टात चिंता चालत नाही. आणि खोट्या पत्रांमुळे खऱ्या चिंतेचं वजन कमी झालं, हे कुणी मोजत नाही. डेस्कवर बसलेल्या माणसाला याची भीती वाटली पाहिजे.

वृकोदर

काका, मी वर लिहिलेलं अर्धवट होतं असं आता वाटतंय. चार्वाकाचा 'घरी जा' हा सल्ला पेपर वाचणाऱ्याला उपयोगाचा नाही. मी हवाना पाहिलं नाही, राधानगरीचे दरवाजे उचलताना पाहिले नाहीत. तरी मला ते कळायला हवं. बातमी हे प्रत्यक्ष नव्हेच, ते शब्दप्रमाण आहे. न्यायदर्शनात चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायच्या वाटा : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. आणि शब्द म्हणजे कुणाचाही नाही, 'आप्तोपदेशः शब्दः'. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला वस्तू नीट माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो.

टिळक-आगरकरांचं पत्रांच्या बाबतीत हेच चुकलं, आणणारा आप्त नव्हता. आणि सनसनाटी वाहिनीची लबाडी इथे आहे, की ती स्वतः शब्द असून प्रत्यक्षाचं सोंग घेते. 'थेट', 'पाहा', 'कॅमेऱ्यात कैद'. तुम्हीच पाहिलंत म्हटल्यावर सांगणारा कोण हे विचारायचं राहून जातं. उकिडवा बसलेला माणूस तेच करत होता.

तांबडा रस्सा

मिसळीत कट वर असतो. चमचा घातला की खाली मटकी लागाय पायजे. नुसताच कट वाढला तर गिऱ्हाईक एकदाच येतंय.

(आप्त म्हंजे नातेवाईक नव्हे हे आमच्या मेव्हण्याला फॉरवर्ड केलंय. सकाळी 'चमत्कार' पाठवतो तो.)

मीरा_पुणे

तांबडा रस्सा, अहो पण लोक रोज येतात ना नुसत्या कटासाठी! तीच तर अडचण आहे.

तांबडा रस्सा

पुण्यात येत असतील.

अबोली

सगळ्यांचे आभार. लेकीनं हा धागा वाचला. नोट्समध्ये 'सनसनाटी' खोडून 'संवेदनवादी' केलंय, 'कोंदियाक'ही दुरुस्त केलं. सेमिनारमध्ये लांडग्याची गोष्ट आणि गणपतीच्या मुंग्या दोन्ही घालणार म्हणते. निशिगंध, तुमची झिणझिणी पण.

नात्याबद्दल मला कळलं ते असं, की टोपवाला संवेदनेपासून सुरुवात करून ज्ञानाकडे जातो, आणि यूट्यूबवाला संवेदनेपाशी थांबून पैसे मोजतो. चुकत असेन तर सांगा.

काल ग्रुपवर काडेपेटीवाला फोटो टाकला, नखं गोल करून दाखवली, टायगरचाही फोटो टाकला. सहा अंगठे आले. रात्री त्याच यूट्यूबवाल्याचा नवा व्हिडिओ : 'वनविभागाला चकवा देऊन बिबट्या पसार!' सासूबाईंना म्हटलं, अहो ते कुत्रं होतं. त्या म्हणाल्या, ते कळलं गं, पण आता गेला कुठं ते सांगत नाहीत मेले.

पाणवठा

😀 सासूबाईंना दंडवत.

वृकोदर

वाक्य छान जमलंय, फक्त 'थांबून' ऐवजी 'थांबवून' करा. तो आपल्याला थांबवतो.

शुक्रवारपेठ

इकडे संध्याकाळपासून पावसाला सुटी नाही. कुणाला नदीचं काही कळलंय का? गल्लीत 'पाणी सोडलं' म्हणून चाललंय.

जुना उपसंपादक

राजाराम बंधारा, रात्री आठ वाजता : ३७ फूट ४ इंच. सकाळपासून ७ इंच वाढ.

शुक्रवारपेठ

आणि राधानगरी?

जुना उपसंपादक

तीन दरवाजे. आपोआप.